चांदीच्या भावानं ठेवलेला सिनेमा

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली, ती सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी. लग्न होऊन मद्रासला आले आणि मराठी लिहायची वेळच आली नाही. इथं वाण्याला सामान तोंडी सांगायचं, तेही तमिळमध्ये. ही वही लेकीला कंपनीतून मिळाली होती, ती तशीच पडून होती. कुणाला दाखवायला लिहीत नाही. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. इथं कुणी बघत नाही म्हणून जमतंय.

आमचा धंदा गलाईचा. सराफांचं जुनं सोनं-चांदी वितळवून, शुद्ध करून द्यायचं. टी. नगरात दागिन्यांच्या मोठ्या दुकानांच्या मागच्या गल्लीत आमची भट्टी आहे आणि भट्टीच्या वर आम्ही राहतो. या धंद्यात कुणी कुणावर विश्वास ठेवत नाही, आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नाही. आपला माल मुशीत, म्हणजे वितळवायच्या भांड्यात, पडल्यापासून बाहेर निघेपर्यंत गिऱ्हाईक मुशीवरची नजर काढत नाही. दुकान झाडलेली माती आम्ही टाकत नाही, हात धुतलेलं पाणीसुद्धा पिंपात साठवतो, कारण त्यात कण असतात. अशा घरात जन्म गेल्यावर माणसाला संशयाची सवय लागते. मला बोलायची सवय नाही, त्यामुळे माझा संशय आतल्या आत मुरतो.

पूर्वी आम्ही सिनेमेही धुवायचो. जुन्या काळ्या-पांढऱ्या सिनेमाच्या पट्टीवर जे काळं दिसतं ती चांदीच असते. लॅबवाले, थेटरवाले जुन्या रिळांचे डबे भंगारात काढायचे, ते आमच्याकडे किलोवर यायचे. सोड्याच्या गरम पाण्यात पट्टी टाकली की वरचं काळं सुटायचं. ते गाळून, वाळवून मुशीत घातलं की तळाशी चांदी. उरलेली काचेसारखी पट्टी बांगड्या करणारे घेऊन जायचे. मी नवी नवरी होते तेव्हा अंगणात पाण्यातून पट्ट्या उपसताना उन्हाला धरून बघायची. इवलीशी माणसं एकमेकांकडे बघत उभी असायची. सासूबाई म्हणायच्या, “बघत काय बसलीयास, उपस. त्येंची चांदी व्हायची हाय.”

त्याच वर्षी अम्मांचे यजमान हातगाडीवर डबे घालून आमच्या दारात आले. अम्मा म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणारी तमिळ बाई. आता त्या एकट्याच आहेत, मूलबाळ नाही. त्यांच्या यजमानांनी तरुणपणी एक सिनेमा काढला होता. एकच. तो पडला आणि त्यांचं घर, अम्मांचे दागिने, सगळं त्यात गेलं. सिनेमाची मूळ नेगेटिव्ह लॅबच्या थकलेल्या बिलापोटी लॅबमध्येच राहिली आणि पुढं कधीतरी भंगारात गेली. ती आमच्याच लोकांपैकी कुणीतरी धुतली असणार. जगात उरली ती हातगाडीवरची एक प्रत. ती त्यांना विकायची नव्हती, गहाण ठेवायची होती.

सासऱ्यांनी सिनेमा कधी तारण घेतला नव्हता. पण चांदी ती चांदी. त्यांनी डबे तागडीत घातले आणि रीतीप्रमाणे वानगी घेतली. म्हणजे मालाचा थोडा तुकडा काढून त्यात किती चांदी निघते ते आधी बघायचं. पहिला डबा उघडून त्यांनी अगदी सुरुवातीची पट्टी कापली, कारण तीच सगळ्यात काळी होती. काळ्यावर पांढरी अक्षरं होती. सरकारी सर्टिफिकेट, सिनेमाचं नाव, काढणाऱ्याचं नाव, सगळं त्या पट्टीत होतं, हे सासऱ्यांना कुठून कळावं? अम्मांचे यजमान समोर उभे होते. ते का बोलले नाहीत हे मला अजून उमगलेलं नाही. त्यांच्या नावाची गुंजभर चांदी निघाली.

पुढं ते वारले. त्यांच्या आजारपणात, मग अम्मांच्या एका डोळ्याच्या ऑपरेशनला, मग खोलीच्या डिपॉझिटला, त्याच डब्यांवर आमच्याकडून पैसे जात राहिले. सासरे गेल्यावर आमचे हे देत राहिले. आता गहाणाची रक्कम डब्यांतल्या चांदीपेक्षा मोठी झाली होती. धंद्याच्या हिशेबानं डबे केव्हाच धुवायला हवे होते. पण मला तमिळ शिकवलं ते अम्मांनी. बाजारात माझ्या वतीनं भांडल्या त्या अम्मा. ह्यांनी कधी डब्यांचा विषय काढला की मी चूल सोडून समोर येऊन उभी राहायची. एवढंच मला जमायचं, आणि ह्यांना ते कळायचं.

या वर्षी उन्हाळ्यात एक माणूस दुकानात आला. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, कपाळाला गंध. मी जिन्यात भाजी निवडत होते. तो चक्क मराठीत बोलायला लागला.

“आम्हीही मराठीच, सेट. तंजावरचे. आमची बोली ऐकून हसूं नका.”

त्याची मराठी जुन्या पोथीसारखी होती आणि चाल तमिळ. ‘शेठ’ला तो ‘सेट’ म्हणायचा, ‘पाहिजे’ला ‘होणा’. हे एवढे खूश झाले की त्याला खुर्ची दिली. आमच्या दुकानात गिऱ्हाइकाला खुर्ची देत नाहीत. मला तिथंच पहिला संशय आला. इतक्या वर्षांत या गल्लीत आमच्याशी मराठी बोलायला कुणी आलं नाही, हाच का आला?

त्याला डबे हवे होते. जुने सिनेमे साफ करून मोबाइलवर, टीव्हीवर दाखवायचा त्याचा धंदा. त्याला कुठून कळलं, हे त्यानं तीन वेळा तीन तऱ्हेनं सांगितलं.

हे म्हणाले, “माल आमचा न्हाई, गहाणाचा हाय.”

“गहाण कोणी सोडवलें नाही तर तें तुमचेंच कीं. आणि सिनेम्याला सुरवातच नाही म्हणतां. नाव नाही, सर्टिफिकेट नाही. कोणाचा तें कोणास ठावूक? अनाथ पोर आहे तें. किती होणा, सांगा.”

ह्यांनी आपला गंमत म्हणून एक आकडा सांगितला, खाली यायला जागा राहील असा चढवून. तो नुसता “सरी” म्हणाला. म्हणजे ठीक आहे.

तो गेल्यावर मी खाली आले.

“घासाघीस न करता हो म्हणाला,” मी म्हणाले.

“मग? वाईट झालं व्हय?”

“आपल्या दुकानात असं कोण हो म्हणतं?”

असं हो म्हणणाऱ्याला मालाची आपल्यापेक्षा जास्त माहिती असते, हे मला ह्यांनीच शिकवलं होतं.

पुढच्या आठवड्यात मी माळ्यावरून लोणच्याची बरणी काढायला चढले, तर डब्यांवरची धूळ पुसलेली. एका डब्याचं झाकण तिरकं बसलं होतं. त्यातून आंबूस वास येत होता, शिरका सांडल्यासारखा.

“दाखवलेत व्हय त्याला?” मी विचारलं.

“बघायला काय पैसं पडत्यात? भट्टी चालंना झालीया. पोरगीच्या लग्नाला काय मुशीतली राख घालायची?”

त्या दिवसापासून मी माझ्या नवऱ्यावरही लक्ष ठेवायला लागले. ते दुकानात कुणाशी फोनवर बोलतात, ते जिन्यात उभी राहून ऐकायची. हे लिहिताना लाज वाटते, पण त्याचा उपयोग झाला.

तो माणूस पुन्हा आला तो म्हैसूरपाक घेऊन. या वेळी त्यानं मोबाइलवर एक यादी दाखवली. सरकारनं कुठल्या सिनेमाला कधी सर्टिफिकेट दिलं त्याची. आमच्या डब्यांतल्या सिनेमाचं सर्टिफिकेट डिसेंबरातलं होतं आणि त्याला साठ वर्षं होऊन गेली होती. साठ वर्षांनी सिनेमावरचा हक्क संपतो, मग तो सगळ्यांचा होतो, असं तो म्हणाला. तेव्हा त्या म्हातारीला विचारायचं कारणच नाही. पट्टी कुजायला लागली आहे, उशीर केला तर काहीच हाती लागणार नाही. त्यानं एक इंग्रजी कागद सहीसाठी ठेवला.

मी जिन्यात बसून विचार करत होते. आधी म्हणाला, कोणाचा सिनेमा ते ठाऊक नाही. आता त्याच सिनेमाची तारीख घेऊन आला. आणि ‘म्हातारी’ कोण, हे आम्ही त्याला सांगितलंच नव्हतं.

लेक अंबत्तूरला कंप्युटरच्या कंपनीत आहे. रात्री जेवताना मी तो कागद तिच्यापुढं सरकवला. ह्यांनी मान खाली घातली.

“आई, तो साठ वर्षांचं खोटं सांगत नाही,” ती मोबाइलवर बघून म्हणाली. “कायदा तसाच आहे. सिनेमा आला त्याच्या पुढच्या जानेवारीपासून साठ वर्षं. मग कुणीही दाखवावा.”

“आणि कागदात काय आहे?”

ती वाचत गेली आणि तिचा घास तसाच राहिला. “यात लिहिलंय, सिनेमाचे सगळे हक्क आपले आहेत आणि ते आपण त्याला कायमचे विकतोय. उद्या कुणी भांडायला आलं तर भरपाईही आपणच द्यायची.”

“हक्क संपलेत म्हणाला की.”

“तेच तर. संपलेत तर विकत कशाला घेतोय?” ती वडिलांकडे वळली. “अप्पा, सही केली नाही ना?”

“न्हाई गं. पेन न्हवतं.”

ती हसली. मला हसू आलं नाही, कारण त्या दिवशी पेन खरंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी अम्मांकडे गेलो. त्यांना आतापर्यंत कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पदरानं चष्मा पुसला.

“सर्टिफिकेट मार्गळीत मिळालं, खरं आहे,” त्या म्हणाल्या. मार्गळी म्हणजे डिसेंबरातला महिना. “पण सिनेमा लागला पोंगलला. सणाशिवाय कुणी लावतं का? शंभर दिवस चालला. नटाच्या गळ्यात मी स्वतः हार घातला.”

लेकीनं पुन्हा मोबाइल काढला. सर्टिफिकेट महत्त्वाचं नाही, लोकांसमोर कधी आला ते महत्त्वाचं, असं तिला त्यात सापडलं. पोंगल जानेवारीत येतो. म्हणजे वर्ष बदललं. अम्मा खरं सांगत असतील तर साठ वर्षं या डिसेंबरअखेर पुरी होत होती. हक्क अजून जिवंत होता, आणि यजमानांच्या माघारी तो अम्मांचा होता. त्या खरं सांगत नसतील तर तो गेल्या डिसेंबरातच संपला होता, आणि अम्मांजवळ विकायला काही नव्हतं.

पण मला तेही पटेना. शंभर दिवस चाललेला सिनेमा काढणाऱ्याची बायको अशा खोलीत का राहील? आणि त्यांचे यजमान सावकारांना चुकवत हिंडायचे, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. त्यातल्या एखाद्याला त्यांनी हक्क लिहून दिला असला तर? लेक विचारायला लाजत होती. शेवटी मीच तमिळमध्ये विचारलं, “अम्मा, त्यांनी कुणाला विकला नव्हता ना?”

अम्मा मला लाडानं कण्णू म्हणतात. “कण्णू, विकत घेणारा कुणी भेटला असता तर मी तो तुझ्या सासऱ्याकडे चांदीच्या भावानं ठेवला असता का?”

तरी माझी खात्री झाली नाही.

शनिवारी लेकीला सुट्टी होती. जुनी वर्तमानपत्रं जपून ठेवणाऱ्या एका वाचनालयात आम्ही गेलो. तिथल्या बाईंनी मोठमोठे बांधलेले गठ्ठे आणून दिले आणि पानं हळू उलटा म्हणून बजावलं. मी तमिळ वाचायला बसच्या पाट्यांवरून आणि सिनेमाच्या पोस्टरांवरून शिकले, त्यामुळे जाहिराती मला वाचता येतात. पोंगलच्या दिवशीच्या पानावर तो होता. सिनेमाचं नाव, नटनटींचे चेहरे, ‘आजपासून’, थेटरांची यादी, आणि खाली बारीक अक्षरांत अम्मांच्या यजमानांचं नाव. त्यांचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा छापलेलं बघितलं.

लेक झेरॉक्स काढायला उठली. मी म्हणाले, “आधी डिसेंबराचे गठ्ठे बघू.”

“का?”

“इथं पोंगलला लागला. दुसऱ्या गावी आधी लागला असेल तर?”

ती पुन्हा बसली. आम्ही सगळा डिसेंबर चाळला, मदुरैची, कोइमतूरची थेटरं असलेली पानंसुद्धा. ‘पोंगलला येत आहे’ एवढंच सगळीकडे होतं. मग मला राहवेना म्हणून जानेवारीत पुढं गेले. पुढच्या आठवड्यात त्याच थेटरात दुसराच सिनेमा लागला होता. शंभर दिवस कसले, आठवडाभरही तो टिकला नव्हता. लेकीनं ते पान बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. आम्ही त्याची झेरॉक्स काढली नाही. अम्मांनी तारीख खरी सांगितली होती. बाकीचं त्यांचं त्यांना ठाऊक.

लेकीनं त्या माणसाला रविवारी बोलावलं. अम्मा दुकानात स्टुलावर बसल्या होत्या. त्यांना बघून तो क्षणभर दारातच थांबला. मग त्यानं त्यांना वाकून नमस्कार केला आणि तमिळमध्ये गोड बोलायला लागला. लेकीनं झेरॉक्स पुढं केली. त्यानं ती वाचली, घडी केली, परत उलगडली.

“बरं,” तो म्हणाला. “डिसेंबरापर्यंत तुमचा हक्क. मग मी जानेवारीत येतो. तेव्हा सिनेमा फुकट.”

“ये की,” अम्मा म्हणाल्या. “सिनेमा फुकट होईल. डबे होतील का? ते जानेवारीतही माझेच.”

तो ह्यांच्याकडे वळला, मराठीत. “सेट, तुम्हीच सांगा आतां यांस.”

मी जिन्यात उभी होते. हे काय बोलतील याची मला खात्री नव्हती. ह्यांनी एकदा वर माझ्याकडे बघितलं.

“गहाणाचा माल मालकाबिगर कुणाच्या हातात जात न्हाई,” हे म्हणाले. “माझ्या बापाची रीत हाय. चहा घेणार का?”

त्यानं चहा घेतला. चहा पिता पिता खरं बाहेर आलं. सिंगापूरच्या एका तमिळ वाहिनीला हा सिनेमा दिवाळीला द्यायचं तो कबूल करून बसला होता. त्यांना हक्काचा पक्का कागद हवा होता. सर्टिफिकेटची तारीख दाखवून त्यांच्याकडेही त्याचं भागलं नव्हतं. जानेवारी त्याच्या काही कामाची नव्हती.

मग त्यानं आणि अम्मांनी असा काही भाव केला की गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. तो म्हणाला, पडलेला सिनेमा आहे. अम्मा म्हणाल्या, पडलेल्याच्या मागं एवढा धावतोस, चाललेल्याला काय केलं असतंस? तो म्हणाला, वास मारतो. त्या म्हणाल्या, साठ वर्षांनी तूही मारशील. त्याला हसू आलं. त्या दिवशी तो पहिल्यांदा पैशापैशासाठी भांडला, आणि मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

नवा कागद लेकीनं ओळ न् ओळ वाचून अम्मांना तमिळमध्ये सांगितला. दाखवायचा हक्क द्यायचा, डबे कॉपी करून परत आणून द्यायचे, अर्धे पैसे आता, अर्धे डबे परत आल्यावर. अम्मांनी सही केली आणि ह्यांना म्हणाल्या, डबे जाऊ द्या. टेम्पो आला. मी नंबर पाठ केला.

नंतरचे दिवस वाईट गेले. अर्धे पैसे अम्मांच्या हातात पडले होते आणि त्या दुकानाकडे फिरकल्या नाहीत. माझ्या मनात नाही नाही ते यायला लागलं. आता तारणही आमच्याकडे नव्हतं. गहाणाचा कागद नव्हता, साक्ष नव्हती. मी मुद्दाम बाजारात जाताना त्यांच्या खोलीवरून जायची. खोलीला कुलूप.

“पळून कुठं जातीया?” हे म्हणाले. “गुडघं धरल्यात तिचं.”

“रिक्षा मिळते की.”

त्या संध्याकाळी दुकान बंद केल्यावर हेही त्याच वाटेनं फिरून आले, हे मला चपलांवरच्या फुलांच्या कचऱ्यावरून कळलं. अम्मांच्या खोलीसमोर फुलवाल्या बसतात.

अम्मा आल्या त्या डाव्या डोळ्याला पट्टी लावून. राहिलेल्या डोळ्याचं ऑपरेशन त्या एकट्याच जाऊन करून आल्या होत्या. सांगितलं असतं तर मी बरोबर गेले असते, असं मी म्हणाले.

“तुझ्याकडून आणखी काही घ्यायचं नव्हतं,” त्या म्हणाल्या. कमरेचा बटवा सोडून त्यांनी थोडे पैसे दिले. बाकीचे दुसऱ्या हप्त्यातून देईन म्हणाल्या. मी मान हलवली. विश्वास ठेवला असं म्हणता येणार नाही.

दिवाळी झाली. सिनेमा सिंगापुरात दाखवला, असं लेकीनं सांगितलं. डबे काही परत आले नाहीत. तो माणूस फोनवर आज म्हणायचा, उद्या म्हणायचा, मशीन बिघडलं म्हणायचा. लेक रोज कंपनीतून त्याला फोन करायची. एकदा तिनं घरून लावला, तर मी फोन हातात घेतला आणि म्हणाले, “तुमच्या वाहिनीचा नंबर आमच्याजवळ आहे.” खरं तर नंबर नव्हता. एवढं बोलून मी फोन लेकीकडे परत दिला.

तीन-चार दिवसांनी टेम्पो आला, तोच नंबर. डबे नवे होते, आत पट्ट्या साफ गुंडाळलेल्या. राहिलेले पैसे त्यानं अम्मांच्या खात्यात भरले.

दुसऱ्या दिवशी बँक उघडल्या उघडल्या पैसे काढून अम्मा रिक्षानं थेट दुकानात आल्या. स्टुलावर बसल्या आणि पदराखालची पिशवी ह्यांच्या पुढ्यात ठेवली. मुद्दल आणि व्याज दोन्ही.

हे म्हणाले, “अम्मा, व्याज ऱ्हाऊ द्या. बापानंच सोडलं हुतं.”

“सेटानं व्याज सोडलं हे गल्लीत कळलं तर तुझं दुकान बंद होईल,” अम्मा म्हणाल्या. “घे.”

ह्यांनी पिशवी माझ्याकडे दिली. अम्मा माझ्या हातांकडे बघत बसल्या, मुशीसमोरचं गिऱ्हाईक बघतं तशा. मी मोजले, पुन्हा मोजले. मग ह्यांना सांगितलं, सगळे आहेत, सगळं फिटलं.